स्वादुपिंडाचा दाह आणि आनुवंशिकता

"डॉक्टर, मुलगा अजून शाळेत आहे, दारूचा प्रश्नच नाही. मग स्वादुपिंडाला सूज कशी आली?" हा प्रश्न पालक अनेकदा दबक्या आवाजात विचारतात. पित्ताशयातील खडे आणि दारू ही या आजाराची प्रमुख कारणे आहेत, हे खरे. पण लहान वयात, दुसरे कारण न सापडता वारंवार त्रास होत असेल, तर जनुकांचा विचार करावा लागतो.

नेमके काय बिघडते?

प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर सक्रिय होते. ते स्वादुपिंडातच सक्रिय झाले, तर ही ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हे टाळण्याची शरीराची व्यवस्था काही जनुकांवर अवलंबून असते.

कोणती जनुके?

• पीआरएसएस१ : यातील बदलामुळे ट्रिप्सिन अवेळी सक्रिय होते. आजाराशी याचा संबंध १९९६ मध्ये उघड झाला. आई किंवा वडील यांपैकी एकात हा बदल असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

• स्पिंक१ : हे ट्रिप्सिनला लगाम घालते. भारतातील दीर्घकालीन दाहाच्या रुग्णांत यातील बदल बऱ्याचदा आढळतो, पीआरएसएस१ मधील बदल मात्र क्वचित.

• सीएफटीआर : यात दोष असल्यास पाचकरस घट्ट होऊन नलिकेत अडतो.

• सीटीआरसी : अवेळी सक्रिय झालेल्या ट्रिप्सिनचा नाश करण्यास हे मदत करते.

बदल आहे म्हणजे आजार होणारच का?

नाही. स्पिंक१ मधील बदल असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. अनेकदा दोन जनुकांतील बदल, दारू किंवा धूम्रपान अशी कारणे एकत्र आल्यावरच आजार होतो.

तपासणी कोणी करावी?

लहान वयात आजार झालेल्यांनी, कारण न सापडता पुन्हा पुन्हा झटके येणाऱ्यांनी किंवा जवळच्या नातेवाइकांना हा आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलावे. तपासणी रक्तावर होते. तिचा अर्थ भावंडांनाही लागू पडत असल्याने आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन घ्यावे.

काय काळजी घ्यावी?

जनुके बदलता येत नाहीत, सवयी बदलता येतात. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद करा. आनुवंशिक दाहात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो आणि धूम्रपानाने तो आणखी वाढतो. भरपूर पाणी प्या, एकाच वेळी फार तेलकट खाऊ नका. वजन घटणे, तेलकट शौच किंवा वाढलेली साखर दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. एन्झाइमच्या कॅप्सूल आणि मधुमेहाच्या उपचारांनी बराच फरक पडतो.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी तीव्र वेदना आणि उलट्या होत असतील, तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

आणि एक लक्षात ठेवा : जनुक कोणी ठरवून देत नाही. आई-वडिलांनी स्वतःला दोष देऊ नये, नातेवाइकांनी रुग्णाच्या सवयींवर संशय घेऊ नये.