लाल तारखा आणि आपली प्रकृती

डिसेंबर संपत आला की भिंतीवर नवे कॅलेंडर लागते. घरातली आजी त्यात एकादशी-संकष्टी पाहते आणि नोकरी करणारा माणूस पाहतो लाल आकडे. पंधरा ऑगस्ट रविवारी आला की 'गेली एक सुट्टी!' म्हणून हळहळ. सण गुरुवारी आला की लगेच हिशेब : शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे! २०२६ सालचे कॅलेंडर पाहा. गुढीपाडवा १९ मार्चला गुरुवारी, दसरा २० ऑक्टोबरला मंगळवारी. ज्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यांना दोन्ही वेळी एकेका रजेत चार-चार दिवस. महाराष्ट्र दिन आणि गांधी जयंती तर शुक्रवारीच, म्हणजे रजेचा अर्जसुद्धा नको. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून हे गणित आणखी सोपे झाले आहे.

यात वावगे काही नाही. डॉक्टर या नात्याने मी तर या हिशेबाच्या बाजूचा आहे. फक्त हिशेब करताना कॅलेंडरबरोबर आपल्या शरीराकडेही पाहावे, एवढेच आज सांगायचे आहे.

माझ्याकडे एक गृहस्थ औषधाला येतात. कचेरीत वरिष्ठ लिपिक, वय त्रेपन्न, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही सोबतीला. रजेच्या बाबतीत त्यांचे धोरण पक्के. अर्जित रजेला हात लावायचा नाही. ती ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. वर्षाच्या ८ किरकोळ रजा मात्र वाया घालवायच्या नाहीत, कारण त्या ३१ डिसेंबरला बुडतात. त्यामुळे त्यांना सुट्टी मिळते ती तुकड्यातुकड्यांनी, सण आणि रविवार यांच्या मधल्या फटीत.

अशाच एका जोडसुट्टीत मंडळी भाड्याची गाडी करून कोकणात गेली. कचेरी सुटल्यावर संध्याकाळी निघाले, रात्रभर प्रवास. पुढचे दिवस पहाटे उठून देवदर्शन, दुपारी समुद्र, रात्री जागरण. गोळ्यांची पट्टी घरी देवघराच्या फळीवर राहिली होती. 'चार दिवसांनी काय होतंय?' असे म्हणून तो विषय तिथेच संपला. परतीचा प्रवासही रात्रीचाच. सकाळी आंघोळ करून गृहस्थ थेट कचेरीत गेले. दुपारी डाव्या हाताला मुंग्या आल्या, बोलताना जीभ अडखळू लागली. तरी पाच वाजेपर्यंत खुर्ची सोडली नाही, कारण कालच तर रजा झाली होती! संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा रक्तदाब १९० वर ११०. तसेच गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. थोडक्यात निभावले. एक दिवसाची किरकोळ रजा आणि त्यापाठोपाठ तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा, असा तो हिशेब झाला.

तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी झाले, तर माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरची वाट पाहत बसू नये. सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आता सुट्टीच्या बाजूने बोलतो. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांची ९ वर्षे नोंद ठेवली गेली. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे दरवर्षी नेमाने सुट्टी घेत होते, त्यांच्यात मृत्यूचे, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अर्थात ज्याची प्रकृती आणि ऐपत बरी तोच सुट्टीवर जातो, हेही त्यामागे असू शकेल. पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, आठवड्याला ५५ तासांहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. दुकानदार मंडळींनी आपले तास एकदा मोजून पाहावेत.

हॉलंडमधील संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. सुट्टीने आलेला तजेला कामावर परतल्यावर एक-दोन आठवड्यांतच ओसरतो. वर्षातून एकदाच पंधरा दिवस आणि बाकी वर्षभर घाण्याला जुंपून घेणे, यापेक्षा अधूनमधून मिळणारे चार दिवस म्हणूनच उपयोगाचे. त्याच देशात २००१ च्या सुमारास 'सुट्टीतले आजारपण' असाही प्रकार नोंदवला गेला. कामाच्या दिवसांत ठणठणीत असणारी काही माणसे सुट्टी लागताच डोकेदुखी, थकवा, सर्दीने आडवी होतात. शंभरात तीन-एक माणसांना हा अनुभव होता, आणि त्यांत कामाचा भार डोक्यावरून उतरवता न येणारे लोक बरेच होते. शिक्षकांच्या घरी हे नवीन नसावे. परीक्षा संपून पेपर तपासून झाले की गुरुजींना ताप येतो!

म्हणून चार दिवस मिळाले तर त्यांतला शेवटचा दिवस घरचा ठेवा. सामान लावून होईल, दुपारची झोप होईल आणि दुसऱ्या दिवशी माणूस ताजा कामावर जाईल. गाडीत किंवा एस.टी.त चार तासांहून जास्त बसून राहिले तर पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी उतरून चालावे. पाणी पिणे टाळू नये. वाटेत सोय नाही म्हणून बायका दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात, आणि परतल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. गोळ्या दिवसांपेक्षा दोन जास्त घ्याव्यात, आणि त्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत. मद्याबद्दलही एक वाक्य : सुट्टीत एकदम जास्त पिणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, हे १९७८ सालापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

आणि गृहिणीची सुट्टी कधी? चार दिवस सगळे घरी म्हणजे तिला चार दिवस दुप्पट स्वयंपाक, वर पाहुणे. एक दिवस तरी चूल बंद ठेवून सगळ्यांनी पोह्यांवर भागवले तर काही बिघडत नाही.

काही मंडळी जोडसुट्टी साधून हर्निया किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उरकतात. कल्पना चांगली, मात्र तारीख ठरवण्याआधी एक विचारून घ्या : दुसऱ्या दिवशी तपासायला डॉक्टर गावात आहेत का? कारण लाल आकडे आम्हीही पाहतो, आणि लॅबवालेही.

ते गृहस्थ आता बरे आहेत. हातात थोडा अशक्तपणा राहिला आहे. परवा गोळ्या न्यायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अर्जित रजेतले दहा दिवस टाकले. बहिणीकडे जाऊन नुसता पडून राहणार." मी महिन्याची चिठ्ठी लिहून दिली. ती खिशात ठेवत त्यांनी विचारले, "आणि आपण कधी घेणार रजा?" मला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी मात्र कंपाउंडरला सांगून दाराला पाटी लावली : येत्या जोडसुट्टीत दवाखाना तीन दिवस बंद राहील. ज्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्यांनी आधी येऊन जावे.