रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण मन मानत नाही

आज अशा एका भीतीबद्दल बोलू, जी लोक डॉक्टरांनाही दबक्या आवाजात सांगतात. एचआयव्हीची चाचणी केली, निगेटिव्ह आली. पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. आणि तरीही रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

मी रायपूरला समुपदेशन करतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा तरुणांच्या गोष्टी बऱ्याचशा सारख्या असतात. कुणाची ओळख पटू नये म्हणून त्यातल्या काही एकत्र करून सांगतो. लग्न ठरलेला एक मुलगा. वर्षभरापूर्वी एकदा असुरक्षित संबंध आला. सहा महिन्यांनी त्याने पहिली चाचणी रायपूरच्या लॅबमध्ये केली. दुसरी दुर्गला, कारण ‘इथे सॅम्पलची अदलाबदल झाली असेल तर?’ तिसरी थेट नागपूरला, जवळजवळ तीनशे किलोमीटरवर, कारण चौबे कॉलनीच्या महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या कुणी बघायला नको. तिन्ही निगेटिव्ह. समोर बसून त्याने विचारलं, “सर, चौथी करून घेऊ का?”

चाचणी काय सांगते?

विषाणू शरीरात शिरल्यावर चाचणीत दिसायला थोडा वेळ लागतो. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर, किंवा फक्त अँटीबॉडी शोधणारी रॅपिड चाचणी ९० दिवसांनंतर निगेटिव्ह आली आणि मध्ये नवा धोका घडलेला नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. संसर्ग टाळण्यासाठीची औषधं घेतली असतील, तर मात्र तारखांचा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्यावा.

या मुलाची पहिलीच चाचणी योग्य काळात झाली होती. मग पुढच्या दोन कशासाठी?

सुटकेचं व्यसन

गजकर्ण झालं की खाजवल्यावर किती बरं वाटतं! पण खाजवल्याने ते पसरतं. चाचणीचंही तसंच होतं. शंका येते, छाती धडधडते, चाचणी करतो, निगेटिव्ह येते, हुश्श होतं. त्या एका क्षणात मन शिकतं, ‘चाचणी केली म्हणून वाचलो.’ मग आठवड्याने शंका आली की मन पुन्हा तेच औषध मागतं. पॉल सालकोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ सालीच हे मांडलं होतं, की आजाराच्या भीतीत वारंवार मिळणारा दिलासाच ती भीती जिवंत ठेवतो.

त्यात शरीर साक्ष द्यायला तयारच असतं. जबड्याखालची गाठ दिवसातून वीस वेळा दाबली तर ती दुखणारच. काळजीने जेवण तुटतं, वजन उतरतं, पोट बिघडतं, रात्री घाम फुटतो. मग हीच लक्षणं मोबाइलवर शोधायची, आणि यादीत ‘एचआयव्ही’ दिसलं की हातपाय गार.

खरा प्रश्न वेगळाच

अशा माणसाशी निवांत बोललं की तासाभराने एक वाक्य बाहेर येतं, “मी चुकीचं वागलो, त्याची शिक्षा मिळणारच ना?” चाचणी रक्ताबद्दल बोलते. मन विचारतंय अपराधाबद्दल. हे उत्तर कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही, म्हणून चौथा रिपोर्टही अपुराच पडणार.

विषाणूला पाप-पुण्य कळत नाही. एचआयव्हीला शिक्षा समजणं हा तो विषाणू घेऊन जगणाऱ्यांवरही अन्याय आहे. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत त्यावरची औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेऊन लोक नोकरी करतात, संसार करतात, म्हातारे होतात. अपराधी वाटत असेल, तर त्याबद्दल मोकळेपणाने बोला. त्यासाठी सुई टोचून घ्यायची गरज नाही.

मग करायचं काय?

पहिलं, योग्य काळात एक चाचणी करा, सरकारी आयसीटीसी केंद्रात. रायपूरकर ज्याला मेकाहारा म्हणतात, तशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रं असतात. चाचणी मोफत होते आणि आधी-नंतर समुपदेशन मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची संमती आणि गोपनीयता दोन्ही जपायची आहेत.

दुसरं, रिपोर्टवर स्वतःच्या हाताने तारीख आणि ‘प्रश्न संपला’ असं लिहा. पुन्हा तपासावंसं वाटलं तर आधी एक तास थांबा, मग एक दिवस. भीती लाटेसारखी चढते, आणि काही न करताही उतरते. हे अनुभवणं हाच उपचार आहे.

तिसरं, गाठी चाचपणं आणि मोबाइलवर लक्षणं शोधणं बंद. घरच्यांनीही “काही नाही होणार” हे शंभरदा सांगू नये. “याचं उत्तर आपल्याला मिळालंय. चल, बुढा तालाबला चक्कर मारून येऊ,” एवढं पुरे.

चौथं, महिने उलटूनही झोप, काम, लग्न सगळं अडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या भीतीवर विचार-वर्तन उपचार आणि औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. सुरुवात फोनवरून करायची असेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६, आणि एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी १०९७. दोन्ही मोफत.

आणि उद्या खरोखरच नवा धोका घडला, तर मात्र थांबू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोहोचा. संसर्ग टाळणारी औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात.

त्या मुलाला मी चौथी चाचणी करू दिली नाही. त्याऐवजी दर आठवड्याला बोलायला बोलावलं. पहिले पंधरा दिवस त्याला फार जड गेले. मग एके दिवशी तो म्हणाला, “सर, काल दिवसभर आठवणच झाली नाही.”