थकवा रविवारी फिटत नाही

शुक्रवारी संध्याकाळी चांदणी चौकातून निघालेल्या गाड्यांची रांग भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडला येते आणि पुढे मुळशी धरणाकडे, ताम्हिणीकडे सरकत राहते. त्यातली बरीच माणसं हिंजवडीत काम करणारी असतात. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते. तालुक्याच्या एका टोकाला आठवडाभर दमायचं आणि दुसऱ्या टोकाला दोन दिवस विसावायचं, असा हा प्रवास आहे. त्यामागचा समज असा, की दोन दिवस हवापालट झाला की गडी पुन्हा ताजातवाना होतो.

साध्या दमणुकीला हे लागू पडतं. महिनोन्‌महिने साचलेल्या थकव्याला, ज्याला आता सगळेच बर्नआउट म्हणतात, त्याला नाही. सुट्टीनंतर माणसाचं काय होतं यावर झालेल्या अभ्यासांचा आढावा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2009 मध्ये घेतला. सुट्टीने बरं वाटतं हे खरं, पण कामावर परतल्यावर दोन ते चार आठवड्यांत तो फायदा ओसरतो, असं त्यात दिसलं. शिवाय सुट्टीत मन कामातून सुटलं का, हेही महत्त्वाचं. तलावाकाठी बसून दर दहा मिनिटांनी ऑफिसचा ग्रुप उघडणाऱ्याचं शरीर मुळशीत असतं, पण डोकं मीटिंगमध्येच असतं.

दुसरा समज जास्त लागणारा आहे, कारण तो घरातलीच माणसं बोलून दाखवतात: ‘काम करायचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही.’ या अवस्थेचं वर्णन 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने केलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. तिथे आळशी कोणी नव्हतं. सगळ्यात जीव ओतून काम करणारेच आधी कोलमडत होते. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाख यांनी याची तीन लक्षणं मांडली: अंगातलं त्राण संपणं, कामाविषयी आणि समोरच्या माणसांविषयी मन कोरडं पडणं, आणि ‘आपल्या हातून काही धड होत नाही’ असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात याची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने उद्भवणारी स्थिती म्हणून. म्हणजे कामाचं ओझं हा व्याख्येचाच भाग आहे. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो.

आणि हे दुखणं फक्त लॅपटॉपवाल्यांचं नाही. पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी बाई अंधारात उठून डबे करते, कंपनीची गाडी गाठते, पाळीभर मशीनपुढे उभी राहते. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. आषाढात आवणी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशीही ती चिखलात कमरेत वाकून भाताची रोपं लावत असते. तिची पाळी संपते, काम संपत नाही. आशाताई, शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका यांचंही असंच. व्याख्या नोकरीपुरती असेल, थकवा तेवढ्यावर थांबत नाही.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज: ‘वेळेचं नियोजन नीट केलं की झालं.’ पहाटे पाचला उठा, दिवसाचे तुकडे पाडा, प्रवासातही काहीतरी ऐका. थकलेल्या माणसाला हा सल्ला म्हणजे रिकाम्या विहिरीवर दुसरी मोटर बसवणं. चोवीस तास सगळ्यांना सारखेच असतात, पण त्यातल्या प्रत्येक तासाला अंगात सारखं बळ नसतं. हिशेब ठेवायचा तो बळाचा.

तो असा ठेवता येतो. आठवडाभर एका वहीत रोज दोन-तीन वेळा लिहा: आत्ता कोणतं काम केलं आणि त्यानंतर अंगात जोर उरला की गेला. चार-पाच दिवसांतच चित्र उमटू लागतं. कोणाला सकाळची पहिली दोन-तीन तासांची वेळ तल्लख असते आणि नेमकी तीच मेलला उत्तरं देण्यात जाते. कोणाला आठ तासांच्या कामापेक्षा येण्याजाण्यातली कोंडी जास्त पिळते. कोणाला एका ठराविक माणसाशी बोललं की दिवसभर काही सुचत नाही. मग अवघड काम तल्लख वेळेला लावायचं, त्राण खाणारी दोन कामं पाठोपाठ ठेवायची नाहीत आणि तूर्त एखादं काम चक्क सोडून द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात जड जातं, पण त्यावाचून बाकीच्याला अर्थ नाही.

मधल्या विसाव्यालाही आपण कमी लेखतो. दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतीने उत्साह वाढतो आणि थकवा उतरतो, असं 2022 मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. डोक्याला फार ताण देणाऱ्या कामानंतर मात्र एवढी विश्रांती पुरत नाही. त्या वेळात मोबाइल चाळला तर डोळे आणि डोकं कामालाच जुंपलेले राहतात. उठून चालावं, खिडकीबाहेर बघावं.

झोपेबाबत तर आपण स्वतःलाच फसवतो. ‘मला सहा तास पुरतात’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 2003 च्या प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांची एकाग्रता इतकी घसरली, की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांशी तुलना करावी लागली. आपण एवढे मंदावलो आहोत हे त्यांच्या स्वतःच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाही साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा अकरा वाजता अंगात शिल्लक असतो.

‘सावकाश चालणं परवडत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35-40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

म्हणूनच सगळा भार थकलेल्या माणसावर टाकणं चूक आहे. योगशिबिर भरवून कामाचे तास तेच ठेवणाऱ्या कंपनीने काहीच बदललेलं नसतं. मास्लाख आणि मायकल लायटर यांनी कामाचं ओझं, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय आणि मूल्यं अशा या थकव्यामागच्या सहा बाजू सांगितल्या. यातलं बहुतेक एकट्याच्या हातात नसतं. आपल्याकडे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी मागितलं ते रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा. 10 जून 1890 ला ती सुट्टी मिळाली. विश्रांती एकेकट्याने चोरून घ्यायची नसते, ती सगळ्यांनी मिळून मागायची असते, हे त्यांनी दाखवून दिलं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. प्रत्येक थकवा कामाचा नसतो. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-12 ची कमतरता, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडणं, यांतही माणूस असाच गळून जातो. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय तर फारच आढळतो. म्हणून आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. आवडीच्या गोष्टीतलाही रस गेला असेल, सुट्टीतही मन काळवंडलेलं राहत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

सावरायला आठवडे नाही, बहुधा महिने लागतात. मधेच चार दिवस बरे जातात, त्या भरात माणूस पुन्हा सगळं अंगावर घेतो आणि परत आडवा होतो. बरं वाटू लागल्यावर काम निम्म्यानेच वाढवा. आणि घरातलं कोणी ‘आता होत नाही’ म्हणालं, तर कारण विचारत बसण्याआधी त्याच्या हातातलं एक काम काढून घ्या. बोलायला कोणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.