दिवाबत्ती, सफाई आणि वर्गणी
आपला बदनापूर तालुका समुद्रापासून फार दूर. तरी मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याची हकीकत आपल्या कामाची आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह नावाचे वकील एका वृद्ध शेजाऱ्याला घेऊन तिथला कचरा उचलू लागले. पुढे शेकडो हात लागले, आणि मार्च 2018 मध्ये त्या वाळूत कासवांची पिल्ले दिसली.

हे झाले श्रमदान. पैशाचे मात्र अवघड, बरे का! 1958 च्या कायद्याने ग्रामपंचायतीला दिवाबत्तीचा व सफाईचा कर घेता येतो. तो थकला की विजेचे बिल थकते, खांबावरचा दिवा विझतो, अन् उघड्या गटारात पाय पडतो तो आपल्याच पोराचा. वर्गणी खुशीची, म्हणूनच तिचा हिशेब उघड हवा. गुरुजी, तो मुलांकडून शाळेच्या फळ्यावर लिहवून घ्या: जमा, खर्च, शिल्लक.