सुटीतली बंदूक

इस्रायल हा लहानसा देश. तिथं बहुतेक पोरापोरींना अठराव्या वर्षी सैन्यात जावं लागतं. सुटीला घरी येताना ते बंदूक संगं आणत. घर आपलं, माणसं आपली. तरी सुटीतच कितीतरी पोरं स्वतःवर बंदूक चालवत.

2006 साली सैन्यानं नियम केला. सुटीला जाताना बंदूक छावणीतच ठेवायची. त्यानंतर पोरांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. ही घट सुटीच्या दिवसांतली. इतर वारी फारसा फरक पडला नाही.

तुम्ही म्हणाल, ज्याला मरायचंच तो दुसरी वाट काढील. मलाही तसंच वाटे. पण जीव द्यायची ती ऊर्मी बहुधा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हत्यार हाती लागलं नाही, तर माणूस पुष्कळदा वाचतो.

आपल्या गावांत बंदूक क्वचित, पण पिकावरचं औषध घरोघर. श्रीलंकेनं 1995 साली अतिजहाल औषधं बंद केली. दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या.

औषध कुलपात ठेवा. घरात कुणी गप्पगप्प असेल, तर किल्ली दुसऱ्याकडं द्या, आणि त्याच्याजवळ बसून विचारा. 14416 या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतसुद्धा.