मानेतल्या गाठी काय सांगतात?

जिभेच्या कडेला झालेली जखम दोन महिने भरत नाही. दात लागत असेल, जागरण झाले असेल, असे म्हणून घरचे लोक दिवस ढकलतात. शेवटी तपासणी होते, कर्करोग निघतो, ऑपरेशन पार पडते. ‘सगळे काढले आहे’ हे शब्द कानी पडताच घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण डॉक्टर म्हणतात, ‘गाठींचा रिपोर्ट येऊ द्या, मग पुढचे ठरवू.’

आता ठरवायचे काय उरले? जिभेवरच्या दुखण्याशी मानेचा संबंध काय?

अड्यारची वाट

चेन्नईच्या अड्यार भागातील कॅन्सर इन्स्टिट्यूट १९५४ साली अवघ्या १२ खाटांवर सुरू झाली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली होती. त्या दुःखातूनच हे रुग्णालय उभे राहिले. त्यांचे चिरंजीव डॉ. एस. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये येऊन मिळालेल्या तरुण डॉ. व्ही. शांता यांनी ते वाढवले. तंबाखूच्या आपल्या देशात तोंडाचे रोगी चिक्कार. त्यांच्यावर किरणोपचार आणि औषधे एकत्र वापरून पाहण्याचे प्रयत्न या दोघांनी १९६०च्या दशकातच केले. डॉ. शांता २०२१ साली निवर्तल्या. पण एका उपचाराला दुसऱ्याची जोड कोणाला द्यायची, हा प्रश्न आजही प्रत्येक रोग्यापुढे असतो. ऑपरेशननंतर त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मानेतल्या गाठी देतात.

शरीराच्या चौक्या

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा सुमारे ३०० ग्रंथी एकट्या मानेत असतात. जंतूंना अडवणाऱ्या या चौक्याच. तोंडातून वा घशातून निसटलेल्या कर्करोगाच्या पेशीही बहुधा प्रथम येथेच अडकतात.

अडचण अशी, की हाताला लागणारी गाठ नुसत्या सुजेचीही असू शकते, आणि मुळीच हाताला न लागणाऱ्या ग्रंथीत कर्करोग दडलेला असू शकतो. स्कॅनलाही अगदी बारीक शिरकाव दिसत नाही. खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

काचपट्टीवरचा निवाडा

सर्जन मानेतील चरबीसकट ग्रंथी काढतो आणि कोणत्या भागातल्या त्या कोणत्या, याची नोंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. तेथे पॅथॉलॉजिस्ट बोटांनी चाचपून चरबीतून एकेक ग्रंथी वेचतो. काही मसुराच्या दाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या. त्या मेणात बसवून त्यांचे केसाहूनही पातळ काप काढले जातात, रंगवले जातात आणि तपासले जातात. काम वेळखाऊ असते, म्हणून रिपोर्टला दिवस लागतात.

रिपोर्टमध्ये मुख्यतः चार गोष्टी पाहतात. एकूण किती ग्रंथी मिळाल्या आणि त्यांपैकी किती बाधित? मानेच्या एकाच बाजूला की दोन्ही? सर्वांत मोठी किती सेंटिमीटरची? आणि ग्रंथीचे कवच शाबूत आहे की रोग ते फोडून बाहेर आला आहे?

हा चौथा प्रश्न फार मोलाचा. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला मोठे वजन आहे. तोंडाच्या कर्करोगात त्याच बाजूची, तीन सेंटिमीटरपर्यंतची, कवच शाबूत असलेली एकच ग्रंथी बाधित असेल, तर गाठींचा दर्जा पहिला. तेवढ्याच ग्रंथीचे कवच फुटलेले निघाले, तर दुसरा. अनेक ग्रंथी बाधित असून एकीचे जरी कवच फुटले असेल, तर थेट तिसरा. विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाची मोजणी मात्र वेगळी आहे.

त्यावरून पुढचे ठरते. कवच फुटलेल्या रोग्यांना किरणांसोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यास फायदा होतो, असे युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांत २००४ साली दिसले. सर्व ग्रंथी निर्दोष निघाल्या, तर काही रोग्यांना पुढच्या उपचारांची गरजही पडत नाही.

मुंबईचे उत्तर

सुरुवातीच्या अवस्थेत, मानेत काहीच लागत नसताना ग्रंथी काढाव्यात का, यावर जगभर वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने त्याचा निकाल लावला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ५०० रोग्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. पहिल्याच ऑपरेशनात मानेच्या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. ‘गाठ दिसली तर काढू’ म्हणून थांबलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते.

म्हणून ऑपरेशन झाले की गावी निघून जाऊ नका. रिपोर्ट हातात घ्या, वर लिहिलेले चार प्रश्न डॉक्टरांना विचारा. किरणोपचार लागणार असतील, तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत.

आणि तीन आठवडे न भरणारी तोंडातली जखम किंवा न दुखणारी मानेतली गाठ दिसली, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणू नका. दुखत नाही, हीच तर तिची फसवणूक आहे.