मेळघाटात घरगुती मुक्काम

अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा किंवा सेमाडोह, आणि अकोल्याहून अकोटमार्गे नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचे शहानूर, या मेळघाटाकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाटा. परतवाड्यापुढे घाट आणि जंगल लागते, म्हणून पेट्रोल, औषधे आणि रोख पैसे तिथेच घ्यावेत. पुढे मोबाइलला रेंज कुठे मिळते, कुठे नाही. दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचणे शहाणपणाचे.

मुक्काम कोरकू आदिवासींच्या वस्तीत असेल तर सोयी मोजक्याच धराव्यात. शेणाने सारवलेले अंगण, चुलीवरची भाकर, हंगाम असल्यास कुटकीचा भात. या भागाची खरी चव त्यातच आहे. ताटात काय हवे ते आदल्या दिवशी सांगावे, कारण बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी. तरी व्यवहारापुरती मराठी-हिंदी चालते. घराचा वा माणसांचा फोटो विचारूनच काढावा.

मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प 1973-74 मधला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. सफारीचे आरक्षण मुक्कामापासून वेगळे करावे लागते. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात हिवाळ्यात जाड पांघरूण लागतेच.